शाळेत मुलाला त्रास देतात असं कळलं तर: आम्ही चुकत शिकलेला क्रम

माझ्या मुलाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. जवळजवळ दीड महिना. सकाळी भरून दिली तशीच संध्याकाळी दप्तराच्या कप्प्यात. मी त्याला पाणी पिण्याचं महत्त्व समजावत बसायचो, एकदा तर मुतखड्यापर्यंत पोचलो. तो मुकाट ऐकून घ्यायचा. खरं कारण बऱ्याच उशिरा कळलं. शाळेच्या स्वच्छतागृहात तो आत गेला की तीन मुलं बाहेरून दाराला पाय लावून उभी राहायची आणि आकडे मोजायची. शंभर झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. म्हणून त्याने तिथे जाणंच बंद केलं होतं. पाणी प्यायलं नाही की जावं लागत नाही, एवढा साधा हिशेब.

नंतरच्या सात-आठ महिन्यांत आम्ही जे काही केलं ते बहुतेक उलट्या क्रमाने केलं. आधी आरडाओरडा, मग चौकशी, सगळ्यात शेवटी नोंदी. आणि दोन वर्षांनी शाळेतून पुन्हा फोन आला तो धाकट्या मुलीबद्दल. त्या वेळी त्रास देणाऱ्यांत ती होती. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या अलीकडच्या दोन्ही खुर्च्यांवर मी बसलेलो आहे. त्यातून कळलेला क्रम इथे लिहितो.

१. आधी ठरवा: भांडण, मस्करी की बुलिंग?

शाळेत मुलं भांडतात, एकमेकांना नावं ठेवतात, कट्टी घेतात, दुसऱ्या दिवशी एका डब्यात खातात. या सगळ्याला बुलिंग म्हणत सुटलो तर खरं बुलिंग असेल तेव्हा आपलं कुणी ऐकत नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांत डॅन ओल्वेअस या नॉर्वेतल्या मानसशास्त्रज्ञाचं नाव पहिलं येतं. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं पुढे आलं, आणि १९८३ मध्ये तिथल्या सरकारने देशभरच्या शाळांत मोहीम घेतली. तिच्यात ओल्वेअस यांचं काम मोलाचं ठरलं. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक असतो.

तिसरी खूण नीट समजून घ्या, कारण बहुतेक पालक आणि बरेच शिक्षक तिथेच चुकतात. ताकद म्हणजे दंडातली ताकद एवढंच नाही. एकाविरुद्ध चार असणं ही ताकद आहे. वर्गात सगळ्यांना हवंहवंसं असणं ही ताकद आहे. कुणाचं गुपित माहीत असणं, कुणाचा नको तसा फोटो हातात असणं, हीसुद्धा ताकदच. माझ्या मुलाला अडवणाऱ्या तिघांतला म्होरक्या त्याच्यापेक्षा बुटका होता. ‘तो केवढा, हा केवढा, हा कसला घाबरतो त्याला?’ हे वाक्य मी शाळेत दोनदा ऐकलं.

मस्करी ओळखायला मी दोन प्रश्न विचारतो. एक, समोरच्याने ‘बास’ म्हटल्यावर ती थांबते का? दोन, तीच मस्करी उलट केली तर चालते का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती मस्करी नव्हे.

प्रकार ढोबळमानाने चार. मारणं, ढकलणं, वस्तू लपवणं किंवा फोडणं हा एक. नावं पाडणं, धमकावणं, रंगावरून, उंचीवरून, बोलण्यातल्या अडखळण्यावरून टोमणे मारणं हा दुसरा. तिसरा वाळीत टाकण्याचा: खेळात न घेणं, हा आला की गप्प होणं, अफवा पसरवणं. यात वळ उठत नाही, शिवी ऐकू येत नाही, त्यामुळे मोठ्यांना हा सगळ्यात उशिरा दिसतो. चौथा मोबाइलवरचा, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आपल्याच मुलाच्या नशिबी हे आलं असं वाटत असेल तर एक आकडा सांगतो. युनेस्कोने २०१९ मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र मांडल्या, त्यात गेल्या महिनाभरात एकदा तरी बुलिंग सोसलं असं सांगणारी मुलं ३२ टक्के होती. म्हणजे जवळपास तिघांत एक. तुमच्या मुलाच्या बाकावरही कुणीतरी असेल.

२. खुणा बघा, पण एकेकटी खूण घेऊन धावू नका

मूल आपणहून सांगेल ही आशा सोडा. काही सांगतात, बरीच सांगत नाहीत. लाज असते, सूड घेतील ही भीती असते, आणि ‘आईबाबा शाळेत येऊन तमाशा करतील’ हीसुद्धा असते. ही शेवटची भीती आमच्या बाबतीत अगदी रास्त होती.

बघण्यासारख्या गोष्टी: वस्तू वरचेवर हरवणं किंवा फाटणं, रविवारी संध्याकाळी पोट दुखणं, शाळेत जायचा रस्ता किंवा बस बदलायची इच्छा, घरी आल्याबरोबर स्वच्छतागृहाकडे धाव, डबा न खाणं किंवा घरी आल्यावर वखवखून खाणं, फोन वाजला की चेहरा पडणं, मित्रांची नावं बोलण्यातून गळत जाणं, धाकट्या भावंडावर अचानक हात उचलणं. यातली एखादी खूण कुठल्याही मुलात सापडेल. दोन-तीन एकत्र आल्या आणि पंधरा दिवस टिकल्या तर मात्र थांबू नका. पोटदुखी असेल तर डॉक्टरांना दाखवाच. ती खरीही असू शकते, आणि भीतीने उठलेली असली तरी दुखतं खरंच.

३. मुलाशी बोला: समोर बसवून नको

‘बस इथे, मला सगळं खरं सांग’ असं म्हटलं की मूल मिटतं. बोलणं सुरू व्हायला हात किंवा पाय कशात तरी गुंतलेले बरे. चालताना, भांडी पुसताना, सायकलची साखळी बसवताना. आमचं पहिलं खरं बोलणं अंधारात झालं, वीज गेली होती तेव्हा.

प्रश्न सरळ ‘तुला कोणी त्रास देतं का?’ असा नको, उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस?’, ‘वर्गात सध्या कुणाची टिंगल चालू आहे?’, ‘शाळेत कुठली जागा तुला नको वाटते?’ हे प्रश्न जास्त कामाचे. जागेबद्दलच्या प्रश्नाने तर आमचं कोडंच सुटलं.

आता मी म्हटलेली आणि म्हणायला नको होती अशी तीन वाक्यं.

‘तूही एक ठेवून दे ना!’ त्याने दिली. शिक्षकांनी नेमकं तेवढंच पाहिलं, आणि तक्रार त्याच्याविरुद्ध लिहिली गेली. ताकदीत फरक आहे म्हणूनच तर हा प्रकार चालतो. ज्याला मारता येत नाही त्यालाच ‘मार’ म्हणण्यात काय अर्थ?

‘दुर्लक्ष कर.’ तो दोन महिने तेच करत होता. एखाददुसऱ्या टोमण्याला हे चालतं. रोजच्या छळात मूल याचा अर्थ ‘मला सांगू नकोस’ असा घेतं.

‘पण तू काय केलं होतंस?’ चौकशी म्हणून विचारलं, त्याला आरोपासारखं लागलं.

त्याऐवजी एवढं पुरे: ‘बरं केलंस सांगितलंस. यात तुझी चूक नाही. आता हे आपण मिळून बघू.’ आणि मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण खरी माहिती त्या शांततेनंतर येते.

एक सापळा. मूल म्हणेल, ‘कुणालाच सांगणार नाही असं वचन दे.’ ते वचन देऊ नका, मोडावंच लागतं. त्याच्या जागी हे द्या: ‘तुला आधी सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही.’ शाळेत कधी जायचं, कुणाशी बोलायचं, यात त्याचं मत घ्या. छळात त्याच्या हातून सगळं सुटलेलं असतं, निदान यात तरी लगाम थोडा त्याच्या हाती असू दे.

याला अपवाद एकच. ‘मी नसलोच तर बरं’, ‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाचं काहीही मूल बोललं, लिहिलं, किंवा स्वतःला इजा केल्याचं दिसलं तर खालच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा. शांतपणे, सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते खूळ डोक्यात शिरतं हा गैरसमज आहे. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

४. वही घाला

हे पहिल्या दिवशी करायचं काम आम्ही चौथ्या महिन्यात केलं. तोवर शाळेत आमचं म्हणणं ‘सारखं काहीतरी होत असतं हो’ एवढंच होतं, आणि त्यावर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळत होतं.

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण होतं, कोणी पाहिलं, मोठ्यांपैकी कुणाला सांगितलं आणि ते काय म्हणाले. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्यात आपली विशेषणं घालू नका. आमच्या वहीतली एक नोंद, नावांच्या जागी अक्षरं घालून:

‘मंगळवार, मधली सुट्टी, दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छतागृह. क आणि ख यांनी दार धरलं, ग मोजत होता. अंदाजे दोन मिनिटं. बाहेर सहा-सात मुलं, त्यांतला घ हसला नाही, निघून गेला. तासाला उशीर झाला म्हणून बाईंनी उभं केलं. कारण सांगितलं नाही.’

‘माझ्या मुलाचा अमानुष छळ होतो’ या वाक्याने कुणी हललं नव्हतं. अशा अकरा नोंदी वाचून मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून ठेवला आणि शिपायाला दार लावायला सांगितलं. अकरापैकी नऊ घटना एकाच जागी, एकाच वेळी. इतके दिवस हे आमच्याही ध्यानात आलं नव्हतं.

वहीबरोबर एका फाइलमध्ये हे ठेवा:

- फाटलेल्या, मोडलेल्या वस्तूंचे आणि अंगावरच्या खुणांचे फोटो, तारखेसह
- डॉक्टरांकडे गेला असाल तर त्यांचे कागद
- संदेशांचे स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असे
- शाळेला दिलेल्या प्रत्येक पत्राची पोच असलेली प्रत
- शाळेची शिस्तीची किंवा बुलिंगविरोधी नियमावली (नसेल तर तसं शाळेकडून लेखी मागा, बहुधा कपाटातून एखादी निघते)

मुलाला रोज संध्याकाळी खोदून खोदून विचारू नका. वही आपण भरायची. त्याला ती उलटतपासणी वाटायला लागली तर तो सांगणंच बंद करेल.

५. शाळेत जा, पण त्याच संध्याकाळी नको

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कळलं त्याच रात्री मी त्या म्होरक्याच्या घरी गेलो. दारातच आवाज चढवला. त्याचे वडील माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत बोलले, आमच्या दोघांच्याही मागे आपापली मुलं उभी. दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या मुलाचं नवं नाव पडलं: ‘पप्पा’. ते वर्षभर टिकलं. तेव्हा दुसऱ्या पालकांच्या दारात जाऊ नका, पालकांच्या ग्रुपवर लिहू नका, आणि शाळेच्या फाटकाबाहेर त्या मुलाला गाठून दम तर अजिबात देऊ नका. त्या क्षणी त्रास देणारे तुम्ही ठरता, आणि कायद्यानेही अडचणीत येऊ शकता.

एक रात्र जाऊ द्या. मग वर्गशिक्षकांची वेळ मागा. शाळा सुटताना दारात उभ्याउभ्या बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांनाही बसायला सांगा. भेटीत ‘तुमचं लक्षच नसतं’ अशी सुरुवात केली की समोरचा बचावात जातो आणि अर्धा तास त्यातच संपतो. शिक्षकांना खरोखरच दिसलेलं नसतं, कारण ही मुलं त्यांच्या पाठीमागेच करतात. वही पुढे ठेवा आणि विचारा, ‘तुम्हाला वर्गात काय दिसतं?’

भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचं पत्र किंवा ईमेल पाठवा. मसुदा असा:

‘आज आपली भेट झाली. माझ्या मुलाला अमुक तारखेपासून मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात अडवलं जातं, हे मी नोंदींसह सांगितलं. त्या वेळेत तिथे लक्ष ठेवण्याचं आणि संबंधित मुलांशी स्वतंत्रपणे बोलण्याचं आपण मान्य केलंत. पुढच्या शुक्रवारी याबद्दल पुन्हा भेटायचं ठरलं आहे. काही चुकीचं लिहिलं असल्यास कळवावं.’

शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने पत्राला धार न येता नोंद पक्की होते.

६. शाळेकडून नेमकं काय मागायचं

‘काहीतरी करा’ म्हटलं की शाळा दोनपैकी एक गोष्ट करते. एक तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना भाषण, नाहीतर दोघांना समोरासमोर उभं करून ‘हात मिळवा, सॉरी म्हणा’.

ही दुसरी गोष्ट होऊ देऊ नका. दोघे बरोबरीचे असतील आणि भांडण असेल तर समेट चांगला. बुलिंगमध्ये मात्र ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर मुलाला तोंड उघडायला लावलं जातं. आमच्या मुलाने त्या खोलीत ‘नाही, काही झालं नाही’ असं सांगितलं. शाळेने तेच लिहून घेतलं. प्रकरण महिनाभर मागे गेलं.

मागायचं ते हे: त्रास देणाऱ्या मुलांशी एकेकट्याने बोलावं, टोळीला एकत्र बोलावू नये. कुणी तक्रार केली यापेक्षा ‘आमच्या कानावर आलं आहे’ इथून बोलणं सुरू करावं. ठरावीक जागी, ठरावीक वेळी मोठं माणूस असावं. मैदानाचा कोपरा, जिना, बस, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, म्हणजे जिथे मोठ्यांची नजर कमी तिथेच हे जास्त घडतं, त्यामुळे पहारा हा उपाय वाटतो तितका बाळबोध नाही. आमच्याकडे सुट्टीत एक शिपाईकाका त्या जिन्याजवळ स्टूल टाकून बसायला लागले आणि एका आठवड्यात दार धरणं बंद झालं. (नावं ठेवणं बंद झालं नाही. ते पुढच्या मुद्द्यात.)

बाक बदलायचा किंवा तुकडी बदलायची वेळ आली तर ज्याला त्रास झाला त्याला आधी विचारा. त्यालाच हलवलं तर वर्ग त्याचा अर्थ ‘हाच चुकला’ असा लावतो.

आणि ‘काढून टाका त्या पोरांना’ हा आग्रह? मीही धरला होता. आज धरणार नाही. अमेरिकेत ‘शून्य सहनशीलता’ नावाने चाललेल्या धोरणांचा तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने २००८ मध्ये आढावा घेतला, आणि अशा सरसकट कठोर शिक्षांनी शाळा जास्त सुरक्षित होतात याला आधार मिळाला नाही. शिवाय शिक्षा फार मोठी असली की मुलं आणि शिक्षकही तक्रार करायला कचरतात. परिणाम भोगावा लागलाच पाहिजे, पण तो लहान, लगेच आणि दर वेळी मिळणारा असावा.

७. बघ्यांकडे वळा

मला कुणी विचारलं की एकच गोष्ट करायची तर कुठली, तर मी ही सांगेन.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की या खेळात दोन नाही, सहा भूमिका असतात. त्रास देणारा, त्याला हात देणारा, हसून-ओरडून चेव आणणारा, बाजूला राहणारा, वाचवणारा आणि सोसणारा. म्हणजे वर्गातलं जवळजवळ प्रत्येक मूल कुठे ना कुठे बसतं. याच विचारावर पुढे तिथे ‘कीवा’ नावाचा शालेय कार्यक्रम उभा राहिला. त्यात सोसणाऱ्या मुलाला ‘धीट हो’ म्हणत बसण्याऐवजी वर्गातल्या बाकीच्यांवर काम करतात.

टोरोंटोतल्या संशोधकांनी मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून आणि दुरून चित्रण करून शाळेच्या मैदानावर खरोखर काय घडतं ते टिपलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहापैकी जवळपास नऊ घटनांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडलं कुणीतरी ते पाचांत एखाद्या वेळीच. पण पडलं तेव्हा ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! आमच्या वहीतला तो न हसता निघून गेलेला ‘घ’ मला हे वाचल्यावर आठवला.

प्रत्येक मुलाने मधे उडी घ्यावी असं मी म्हणत नाही, त्यात त्यालाही मार बसू शकतो. मुलांना करता येण्याजोग्या गोष्टी छोट्या असतात, आणि त्या घरी दोनदा म्हणून-करून बघितल्या तर ऐन वेळी आठवतात:

- हसायचं नाही. नुसतं न हसण्यानेही रंग उतरतो.
- ‘चल, सर बोलावतायत’ म्हणून सोसणाऱ्याला तिथून काढायचं. त्रास देणाऱ्याशी वादच नको.
- नंतर त्याच्या शेजारी बसायचं, डबा उघडायचा. त्या प्रसंगाबद्दल बोललंच पाहिजे असं नाही.
- मोठ्या माणसाला सांगायचं.

या चौथ्याला मुलं ‘चहाडी’ म्हणतात आणि तिथेच सगळं अडतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी फरक फार सोपा करून सांगितला होता: ‘कुणाला अडकवायला सांगतोस ती चहाडी. कुणाला सोडवायला सांगतोस ती मदत.’ वर्गाच्या फळ्यावर हे महिनाभर होतं.

‘घ’च्या आईशी मी शाळेच्या परवानगीने बोललो. तक्रार केली नाही. ‘तुमचा मुलगा त्या दिवशी हसला नाही, माझ्या मुलाला ते लक्षात आहे’ एवढंच म्हटलं. पुढच्या सोमवारपासून दोघं एका बाकावर. ‘पप्पा’ हे नाव नंतरही कधीमधी यायचं, पण त्यावर हसायला कुणी उरलं नव्हतं.

८. मोबाइलवरचा त्रास: हाताळणी वेगळी

इथे ‘पुन्हा पुन्हा’चा अर्थ बदलतो. फोटो एकदाच टाकला तरी तो चाळीस जणांनी बघितला आणि पुढे पाठवला, की तो चाळीसदा घडला. घरी आल्यावरही सुटका नाही, कारण तो खिशातच असतो.

क्रम असा ठेवा. उत्तर देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा, मग त्या त्या ॲपमध्ये तक्रार नोंदवा. घाईने ग्रुप सोडला किंवा संदेश पुसले तर पुरावा जातो. उघड्या अंगाचे किंवा लैंगिक स्वरूपाचे फोटो असतील तर मात्र स्क्रीनशॉट घेऊ नका आणि कुणालाही, शाळेलासुद्धा, पुढे पाठवू नका. मुलांचे असे फोटो जवळ बाळगणं हाच बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. खात्याचं नाव, दिवस, वेळ लिहून ठेवा आणि थेट पोलिसांकडे जा.

मुलाचा फोन काढून घेऊ नका. हे मोह होण्यासारखं आहे, पण त्याला ती शिक्षा वाटते आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. ‘फोन तुझाच राहील, अडचण आली की मला दाखव’ हा करार जास्त टिकतो.

९. फोन आला, आणि त्रास देणारं मूल आपलं निघालं तर

मुलीच्या वर्गशिक्षिकेने सांगितलं की तिने आणि आणखी चौघींनी एका मुलीशी तीन आठवडे बोलणं टाकलं आहे. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘आमची मुलगी असं करणारच नाही.’ हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी दारात उभ्या असलेल्या एका बापाने मला ऐकवलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट, ऐकून घ्या. मुलाला मारू नका. ताकदवान कमी ताकदवानाला मारतो हा धडा त्याला आधीच पाठ आहे. ‘का केलंस?’ला उत्तर मिळत नाही. ‘काय काय झालं ते क्रमाने सांग’ला मिळतं. माझ्या मुलीच्या बाबतीत ती टोळीची नेता नव्हती, पण बोलली तर पुढची पाळी आपली, ही धास्ती तिला होती. त्याने चूक कमी होत नाही. उपाय कुठे करायचा ते मात्र कळतं.

माफी लगेच मागायला लावू नका, ती पाठ केलेली येते आणि समोरच्या मुलीला पुन्हा तोंड द्यावं लागतं. तिला आणि तिच्या पालकांना चालेल का ते शाळेमार्फत विचारा. आमच्याकडे त्या मुलीने नकार दिला. मग ठरलं की माझी मुलगी प्रयोगाच्या गटात तिचं नाव स्वतः सुचवेल आणि ग्रुपवर तिच्याबद्दल काही आलं तर ‘मला हे आवडत नाही’ असं लिहील. हे चार शब्द लिहायला तिला अर्धा तास लागला, मी शेजारी बसून होतो.

आणि घरातली भाषा तपासा. जेवताना आम्ही नातेवाइकांच्या नकला करून हसत होतो, त्यातली बरीचशी वर्गात पोचली होती.

१०. पाठपुरावा, आणि शाळा दाद देत नसेल तेव्हा

पहिल्या कारवाईनंतर आठवडाभर शांतता असते. मग बहुधा एकदा उलटा हिसका येतो: ‘सांगितलंस ना?’ याची मुलाला आधी कल्पना द्या आणि शाळेलाही. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा शिक्षकांना भेटा. वही चालूच ठेवा. आमच्याकडे वहीच्या शेवटच्या पानांवर नुसतं ‘बाटली अर्धी’, ‘बाटली रिकामी’ असं लिहिलेलं आहे.

शाळा हलत नसेल तर एक पायरी वर, दर वेळी लेखी: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, व्यवस्थापन, मग शिक्षण खात्याचा अधिकारी आणि बालहक्कांचं काम बघणारी सरकारी यंत्रणा. मारहाण, पैसे उकळणं, लैंगिक त्रास किंवा जिवाची धमकी असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, पोलिसांकडे जा.

शाळा बदलणं ही हार नव्हे. सगळं करूनही मूल रोज सकाळी थरथरत असेल तर बदला. फक्त जुन्या शाळेतला मोबाइलवरचा ग्रुप त्याच्यामागे नव्या शाळेत येत नाही ना, ते बघा.

जे बदलत नाहीत त्यांच्यासाठी शेवटचं काम वर्षअखेरीचं. नव्या वर्षाच्या तुकड्या आणि बसच्या याद्या सुट्टीतच ठरतात, आणि बऱ्याचदा नवे वर्गशिक्षक येतात ज्यांना मागचं काही माहीत नसतं. म्हणून परीक्षा संपायच्या आत मुख्याध्यापकांना पत्र द्या: कोणती मुलं एका तुकडीत नकोत, कोणता मित्र सोबत हवा, बसमध्ये कुठे बसतो. पोच घ्या. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या वर्गशिक्षकांना ती प्रत दाखवा.